आधी आत्मविश्वास, मग बोलणं?

शाळेच्या स्नेहसंमेलनात धडाधड सूत्रसंचालन करणारी तालुक्याची मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला येते आणि वर्गात हजेरीपुरतंच तोंड उघडते. घरचे सांगतात, ‘आधी आत्मविश्वास वाढव, मग आपोआप बोलशील.’ सगळ्यात मोठा गैरसमज हाच, कारण क्रम नेमका उलटा आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये, ‘हे मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो याचा सिद्धान्त मांडला. इतरांना पाहून तो येतो, कुणी पाठ थोपटली तरी येतो. पण सर्वांत पक्का येतो तो स्वतः ते काम करून जमल्यावर. म्हणजे प्रेरणादायी व्हिडिओ शंभर पाहिले, तरी वर्गात विचारलेल्या एका शंकेची सर त्यांना येणार नाही.

‘पण चुकले तर सगळे हसतील ना!’ सगळ्यांचं एवढं लक्ष नसतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं. खोलीतल्या जवळपास निम्म्या जणांनी तो पाहिला असणार, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच तो लक्षात आला होता. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झालं. त्याच चमूतल्या दोघांनी पुढे दाखवलं की छातीतली धडधड बाहेर फारशी दिसत नाही, आणि एवढं नुसतं आधी सांगितलं तरी भाषण सुधारतं.

रेकॉर्डिंगमधला आपला आवाज ऐकून ‘शी, असा आहे माझा आवाज?’ असं बहुतेकांना होतं. बोलताना आपल्याला स्वतःचा आवाज हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. हाडांमुळे तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. मित्रांनी मात्र पहिल्यापासून तोच आवाज ऐकलेला असतो आणि त्यांची काही तक्रार नसते.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासमध्ये हमखास ऐकू येणारा ‘९३ टक्के संवाद देहबोली आणि स्वरातून’ हा आकडा तर फळ्यावरून पुसूनच टाकावा. अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे ते प्रयोग सुटे शब्द आणि त्यांमागच्या आवडीनिवडीच्या भावनांपुरते होते. तुमचा मुद्दा फक्त सात टक्के मोलाचा, असं त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. कमरेवर हात ठेवून ऐटीत उभं राहिलं की संप्रेरकं बदलतात, हा २०१० चा दावाही फेरतपासणीत टिकला नाही. त्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच २०१६ मध्ये त्यावरचा विश्वास उडाल्याचं जाहीर केलं.

राहिला इंग्रजीचा आणि गावाकडच्या हेलाचा प्रश्न. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुलाखतसुद्धा मराठीतून देता येते. तिथे चालतं, तर कॉलेजच्या सेमिनारमध्ये कशाला लाजायचं? इंग्रजी शिकावं, नोकरीला लागतंच. पण ते येईपर्यंत गप्प बसण्याची अट कुणी घातलेली नाही.

मात्र भीतीपोटी तोंडी परीक्षा, वर्ग, मेसमध्ये चारचौघांत जेवणंही टाळलं जात असेल आणि हे महिनोन्‌महिने चाललं असेल, तर त्याला ‘लाजाळू स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नका. तो सामाजिक भीतीचा विकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.