आजी जागी, नातू झोपलेला

मोतीबिंदू दोघांनाही झालेला, थेटरही तेच. पण आजीचं ऑपरेशन ती टक्क जागी असताना होतं. डोळ्यात बधीर करणारे थेंब पडतात, ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत पडून राहते आणि थोड्या वेळात हिरवी पट्टी बांधून बाहेर येते. नातू दीड महिन्याचा. त्याला ‘हलू नको रे बाळा’ असं सांगून काय उपयोग? त्याच्या डोळ्याच्या आत काम करायचं तर त्याला पूर्ण झोपवावं लागतं, आणि मुख्य म्हणजे त्या झोपेतून नीट परत आणावं लागतं. मला या सगळ्यात परत आणण्याची विद्या सर्वांत अद्भुत वाटते.

थेंबांची कहाणी १८८४ सालची. व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचं पाणी आधी प्राण्यांच्या डोळ्यात आणि मग स्वतःच्याच डोळ्यात घातलं, आणि टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श करून पाहिला. काहीच जाणवलं नाही! शरीराचा एकच भाग बधीर करून शस्त्रक्रिया करण्याची वाट अशी डोळ्यातून उघडली. पूर्ण भूल त्याआधीच आली होती. बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ला ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि पुढच्याच वर्षी ईथर कलकत्त्यात पोचलं.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या आपल्या भागात शस्त्रक्रियेचं मोठं ठिकाण मिरज. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ला मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. जुनी माणसं त्याला अजून ‘मिशन’च म्हणतात. निपाणी तालुक्यातल्या बोरगावातून डोळ्याच्या दुखण्यासाठी निघालेलं कुटुंब इचलकरंजीकडे वळतं, मिरज किंवा कोल्हापूर गाठतं, नाहीतर बेळगावला जातं. कागदपत्रं कर्नाटकची आणि दवाखाना बऱ्याचदा महाराष्ट्रातला, यात इथल्या कुणाला वेगळं काही वाटत नाही. मुलांची दुखणी लवकर सापडावीत म्हणून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची असतात. जन्मजात मोतीबिंदू त्या तपासणीच्या यादीत आहे. बाहुलीत पांढरट ठिपका दिसला की आईबापांना पुढे पाठवलं जातं, आणि मग पहिला प्रश्न येतो: एवढ्या लहान जिवाला भूल? जरा मोठा होऊ दे की!

पण इथे थांबून चालत नाही. दिसणं हे डोळ्याचं काम निम्मंच. उरलेलं मेंदू शिकतो, आणि ते शिकण्याचं वय फार कोवळं असतं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ झाकून ठेवला. नंतर तो उघडला तरी मेंदूतल्या पेशी त्याला जवळजवळ प्रतिसादच देत नव्हत्या. दृष्टीवरच्या त्यांच्या संशोधनाला १९८१ साली नोबेल मिळालं. म्हणूनच जन्मजात दाट मोतीबिंदू शक्यतो पहिल्या दोन महिन्यांत काढतात. तिरळेपणाचंही तसंच. ‘चकणं मूल नशीबवान असतं’ म्हणत वर्षं घालवली, तर तिरका डोळा आळशी होत जातो.

आता थेटरात जाऊ. चार-पाच वर्षांच्या मुलीचं तिरळेपणाचं ऑपरेशन आहे असं धरू. सुई पाहून ती किंचाळेल, म्हणून आधी मास्क. त्यातून येणारा सेवोफ्ल्युरेन हा वायू नाकाला झोंबत नाही, आणि रक्तात फारसा विरघळत नाही. ऐकायला हा गुण उलटा वाटतो. पण जो वायू रक्तात कमी मुरतो तो मेंदूत झटपट पोचतो आणि बंद केला की झटपट निघूनही जातो. भूलतज्ज्ञ तिला मशीनचा फुगा फुगवायला सांगतात. काही श्वासांत तिचे डोळे मिटतात, मग सुई लागते. ती तिला कळतही नाही.

सर्जन डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण उघडतात आणि डोळा फिरवणाऱ्या स्नायूखाली बारीक हुक सरकवतात. स्नायू ताणला जातो, आणि त्याच क्षणी मॉनिटरची टिकटिक मंदावते. ११० वरचे ठोके ७०, ६० असे उतरू लागतात. डोळ्यावर ओढ पडली आणि हृदय मंद झालं! भूलतज्ज्ञ शांतपणे म्हणतात, ‘जरा सोडा.’ सर्जन हुक ढिला करतात, ठोके परत चढतात. डोळ्याकडून निघालेली खबर चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूने मेंदूच्या देठात जाते आणि तिथून व्हेगस या मज्जातंतूने थेट हृदयावर उतरते. १९०८ साली आश्नर आणि दाग्निनी या दोघांनी हे स्वतंत्रपणे नोंदवलं. मुलांमध्ये ही प्रतिक्रिया विशेष जोरात येते, म्हणून ठोके वाढवणारं ॲट्रोपीन सिरिंजमध्ये भरून हाताशी असतं. डोळ्याच्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञ कान लावून हृदय ऐकत का बसतात, त्याचं उत्तर हे आहे.

ऑपरेशन झालं, वायू बंद झाला. आता खरी कसोटी. दोन ते सहा वर्षांची काही मुलं जागी होताना भयंकर बिथरतात. हातपाय झाडतात, आईला ओळखत नाहीत, पट्टी ओरबाडतात. आईला वाटतं, डोळ्यात काहीतरी बिघडलं. ते बहुधा तसं नसतं. वेदनेमुळेच होतं म्हणावं, तर नुसत्या एमआरआयसाठी झोपवलेली, चाकू न लागलेली मुलंही अशी उठतात. मेंदूचे सगळे भाग एकाच वेळी जागे होत नाहीत, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. शरीर उठलेलं असतं, ओळख अजून झोपलेली. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत हे शमतं आणि मुलाला त्यातलं काही आठवत नाही. २००४ साली टोरोंटोतल्या दोन डॉक्टरांनी हे मोजायची पद्धत बसवली. तिच्यातली पहिली पायरी अशी: मूल जवळच्या माणसाच्या डोळ्यांत बघतंय का? डोळ्यावर पट्टी असलेल्या मुलाच्या बाबतीत हे ठरवायचं कसं, हा नेत्रविभागातल्या नर्सपुढचा रोजचा पेच.

हे वादळ टाळायला आज बरेच उपाय आहेत. शेवटी प्रोपोफॉल या झोपेच्या औषधाचा छोटा डोस देऊन जाग हळू आणता येते. सर्जन डोळ्याच्या गोलामागे बधीर करणारं औषध सोडतात, म्हणजे जाग येताना ठणका नसतो. घशात खोल नळी घालण्याऐवजी स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारा मऊ मास्क वापरला, की तो काढताना खोकला कमी येतो. खोकला आला की डोळ्यातला दाब चढतो. तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर उलट्या फार होतात, त्यासाठी ऑन्डान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन. आणि बिथरणं टाळायला डेक्समेडेटोमिडीन. मला सर्वांत नवल याचं वाटतं. मेंदूच्या देठात एक इवलासा निळसर ठिपका असतो, तो आपल्याला जागं ठेवतो. हे औषध त्यालाच शांत करतं. त्यामुळे येणारी झोप रात्रीच्या झोपेच्या पुष्कळ जवळ जाते आणि मूल हाक मारली की उठू शकतं. ते नाकात थेंबासारखंही देता येतं, त्यामुळे आईच्या मांडीवरच पेंग येते. पण यानेही हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणजे डोळ्याची ओढ आणि हे औषध, दोन्ही एकाच दिशेला खेचणार. म्हणून मोजूनमापून द्यायचं, आणि नजर मॉनिटरवर.

घरच्यांच्या हातातही बरंच असतं. घन पदार्थ आणि गाई-म्हशीचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधी. पहाटे गावातून निघताना एखाद्या आजीचं मन राहत नाही आणि एक बिस्कीट हळूच खाण्याच्या वयाच्या नातवाच्या हातात जातं. भुलीत ते पोटातून वर आलं तर श्वासनळीत उतरू शकतं. ऑपरेशन पुढे गेलं तरी चालेल, पण खाल्लेलं लपवू नका. उलट, रात्रीपासून पाणीही तोडणं चूकच. तहानलेलं, चिडलेलं मूल झोपतंही रडत आणि उठतंही रडत. सर्दी-खोकला असेल तर तोही आधी सांगावा. अशा वेळी श्वासनळी चिडकी असते, तारीख पुढे नेलेली बरी.

आणि तो न विचारलेला प्रश्न: भुलीने पोराचं डोकं मंद होईल का? याचा नीट शोध घेतला गेला आहे. सात देशांतल्या ७२२ तान्ह्या बाळांपैकी काहींना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी सेवोफ्ल्युरेनची पूर्ण भूल दिली आणि काहींना फक्त कमरेखालचा भाग बधीर केला. पूर्ण भूल साधारण तासाभराची होती. मुलं पाच वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांच्या बुद्धीत फरक आढळला नाही. २०१९ साली हे निष्कर्ष आले. लांबलचक आणि वारंवार दिलेल्या भुलीबद्दल डॉक्टर सावध असतात, आणि तसं असावंच. पण एका छोट्या ऑपरेशनच्या भीतीपोटी आयुष्यभराची नजर घालवू नये, एवढं मी ठामपणे म्हणेन.

जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलाला थेटरात पुन्हा यावं लागतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असला तर बहुधा काही दिवसांनी दुसरा डोळा, आणि पुढे झोपवून केलेल्या तपासण्या. पहिल्या वेळी घाबरून झोपलेली काही मुलं नंतर कित्येक दिवस रात्री दचकून उठतात, अंथरूण ओलं करतात, पांढरा कोट दिसला तरी रडू लागतात. आळशी डोळ्याला काम पडावं म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची आणि चष्मा नाकावर टिकवायचा, हे काम महिनोन् महिने घरीच चालतं. त्यात मुलाची साथ हवी असते, आणि दवाखान्याचा धसका न घेतलेलं मूल ती लवकर देतं.