कामाचा ताण : मोजावा कसा, ओळखावा कसा?

सकाळी नऊच्या सुमारास बेंगळुरूच्या महादेवपुरा भागातील बाह्य वर्तुळाकार रस्त्यावर उभे राहिले, की नजर पोहोचेल तिथवर वाहनांची रांग दिसते. महादेवपुरा, मारतहळ्ळी, व्हाइटफील्ड ही एकेकाळची शहराबाहेरची गावे आज माहिती तंत्रज्ञान उद्योगाची प्रमुख केंद्रे झाली आहेत. १९९० च्या दशकात भारत व सिंगापूर यांच्या सहकार्यातून येथे इंटरनॅशनल टेक पार्क उभे राहिले आणि या परिसराचा कायापालट झाला. पुणे, कोल्हापूर, सोलापूरकडील अनेक मराठी तरुणांनीही येथे बिऱ्हाड थाटले. २०२३ मध्ये मेट्रो व्हाइटफील्डपर्यंत पोहोचल्याने प्रवासाचा त्रास काहीसा कमी झाला. कामाच्या ताणावर मात्र मेट्रो हा उपाय नव्हे.

या रांगेतील एका मोटारीची कल्पना करावी. मागच्या आसनावर संगणक अभियंता आहे. परदेशी ग्राहकाबरोबरच्या बैठकीमुळे तो मध्यरात्रीपर्यंत जागा होता. पुढे चालक आहे. त्याचीही पाळी पहाटे सुरू झाली. दोघांपैकी अधिक ताण कोणाला? पगारपत्रक किंवा हजेरीपट पाहून याचे उत्तर मिळत नाही.

ज्याचे जळते त्यालाच कळते

ताण हा केवळ कामाच्या ओझ्यात नसतो. ते ओझे पेलण्याची आपली शक्ती किती, याविषयी माणसाच्या मनात असलेल्या अंदाजातही तो असतो. म्हणूनच एकच लक्ष्य एकाला आव्हान वाटते, तर दुसऱ्याची झोप उडवते. १९८३ मध्ये शेल्डन कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली ‘जाणवणाऱ्या ताणाची मापनश्रेणी’ याच विचारावर आधारलेली आहे. तिच्या प्रचलित रूपात १० प्रश्न असतात. गेल्या महिन्यात गोष्टी आपल्या हाताबाहेर गेल्यासारखे किती वेळा वाटले, अशा स्वरूपाच्या प्रश्नांना ० ते ४ असे गुण देऊन ४० पैकी बेरीज केली जाते. ही बेरीज म्हणजे रोगनिदान नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे.

भारतीय कामगारांसाठी ए. के. श्रीवास्तव व ए. पी. सिंह यांनी १९८१ मध्ये ४६ विधानांचा व्यावसायिक ताण निर्देशांक तयार केला. कामाचा अतिरिक्त भार, जबाबदारीतील संदिग्धता, परस्परविरोधी अपेक्षा, निर्णयांत सहभागाचा अभाव, सहकाऱ्यांशी बिघडलेले संबंध अशा १२ अंगांनी तो ताणाचा शोध घेतो. त्यामुळे ‘ताण किती’ याबरोबरच ‘ताण कशाचा’ हेही कळते, आणि उपायाची दिशा त्यातूनच सापडते.

भार आणि अधिकार

अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला. कामाची मागणी मोठी आणि ते कसे करावे हे ठरविण्याचा अधिकार अल्प, अशी स्थिती सर्वांत अपायकारक असते. मागणी मोठी असली तरी अधिकारही मोठा असेल, तर तेच काम माणसाला घडविणारे ठरू शकते. आता मोटारीतील दोघांकडे पुन्हा पाहावे. अभियंत्याला कामाची रीत काही अंशी तरी निवडता येते. चालकाची वेळ दुसऱ्याने ठरविलेली, मार्ग दुसऱ्याने आखलेला आणि वाहतूक कोंडी कोणाच्याच हाती नाही. उशिराचा जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो. जोहानेस सिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये याला आणखी एक पैलू जोडला : श्रमांच्या मानाने वेतन, मान आणि नोकरीची शाश्वती तोकडी पडली, की ताण वाढतो.

हे केवळ मनाचे खेळ नव्हेत

‘जाणवतो तो ताण’ म्हटले, की तो काल्पनिक असावा असा समज होतो. लंडनमधील १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून सुरू झालेला ‘व्हाइटहॉल’ अभ्यास हा समज खोडून काढतो. कामावर नियंत्रण कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. नियंत्रण कमी असल्याचे कर्मचाऱ्याने स्वतः सांगितलेले असो किंवा इतरांनी त्याच्या कामाचे मूल्यमापन करून ठरविलेले असो, निष्कर्ष त्याच दिशेचा होता. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करण्याशी निगडित पक्षाघात व हृदयविकारामुळे २०१६ या एका वर्षात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले.

उत्तर खरे मिळावे म्हणून

सर्वांत मोठी अडचण पुढेच आहे. प्रश्नावली कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी ती भरणाऱ्याला भीती वाटत असेल तर तिचा उपयोग शून्य. आपली उत्तरे वरिष्ठांच्या टेबलावर जातील, बढतीच्या वेळी ती आडवी येतील, अशी शंका आली की कर्मचारी ‘सर्व ठीक आहे’ यावर खूण करून मोकळा होतो. जो सर्वाधिक थकलेला असतो, तोच पुष्कळदा सर्वाधिक सावध असतो. म्हणून उत्तरे निनावी ठेवणे, निष्कर्ष व्यक्तिवार न मांडता विभागवार मांडणे आणि त्यांवर दृश्य कृती करणे, ही पथ्ये पाळावीच लागतात. ताण मोजून काहीच न बदलणे म्हणजे ताप मोजून औषध न देण्यासारखे आहे.

बँकेच्या शाखेतही हे चित्र अपरिचित नाही. वर्षअखेरीची लक्ष्ये, बदलीची टांगती तलवार, रोखीचा हिशेब जुळेपर्यंत न संपणारी संध्याकाळ. आणि खिडकीपलीकडे उभा असलेला, स्वतःच्या नोकरीचा ताण बरोबर घेऊन आलेला ग्राहक. दोघांनी एकमेकांचे ओझे थोडे ओळखले, तरी व्यवहार सुकर होतो.

आणि ओझे एकट्याने पेलेनासे झाले, तर मदत मागण्यात कमीपणा नाही. २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. बेंगळुरूचीच निम्हान्स ही संस्था तिची शिखर संस्था आहे. खात्यातील शिल्लक आपण नियमितपणे तपासतो; मनाची शिल्लकही अधूनमधून तपासून पाहावी, हे बरे.