सायकली कोणाच्या, जबाबदारी कोणाची?

सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्यात एके काळी तासाच्या बोलीने सायकल देणारी दुकाने पेठापेठांतून होती. डिसेंबर २०१७ मध्ये औंध व विद्यापीठाच्या आवारात सार्वजनिक सायकलींची योजना सुरू झाली, तेव्हा तिचे स्वागत झाले यात नवल नाही. परंतु सायकली खाजगी कंपन्यांच्या! ‘ओफो’ने २०१८ मध्येच भारतातून काढता पाय घेतला, आणि पुढे योजनाही विरली. लोकांनीच सायकली मोडल्या, अशी ओरड झाली. ती सर्वस्वी खोटी नव्हे. पण पॅरिसमध्ये २००७ साली निघालेल्या ‘वेलिब’च्या हजारो सायकली चोरीस गेल्या, काही तर सीन नदीत सापडल्या. तेथे २०१८ मध्ये ठेकेदार बदलला. योजना मात्र राहिली, कारण ती शहराची होती.

पीएमपीची बस तोट्यात चालते म्हणून कोणी ती बंद करीत नाही. मार्च २०२२ पासून मेट्रोही धावू लागली. मग स्थानकापासून कचेरीपर्यंतचे मैलभर अंतर नोकरदाराने रिक्षावाल्याच्या मर्जीवर का सोडावे? महापालिकेने सायकलींचा खर्च अंदाजपत्रकात धरावा, आणि त्याआधी सायकलमार्ग अडवून उभ्या राहणाऱ्या मोटारी हटवाव्यात, अशी आमची मागणी आहे.