आरसा खिडकीजवळ ठेवा

दिवाळी जवळ आली की आमच्या पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्यातून ज्या घरात दिवाळीनंतर लग्न निघालेले असते, त्या घरातल्या बायकांची तर गोष्टच विचारू नका! गेल्या वर्षी ही पाळी आमच्यावर आली. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. खरेदीसाठी मायलेकी आठवडाभर माझ्याकडे मुक्कामाला आल्या. "मावशी, तू बरोबर असलीस म्हणजे मला धीर येतो," असे भाची म्हणाली, आणि मी हुरळून गेले.

पहिल्याच दिवशी एका मोठ्या दुकानात शिरलो. प्रसाधनांच्या काउंटरवरच्या मुलीने भाचीच्या मनगटावर फाउंडेशनची दोन बोटे ओढली आणि तिच्या रंगाहून चांगली उजळ अशी बाटली पुढे केली. "नववधूंना आम्ही हीच देतो," ती म्हणाली. माझ्या बहिणीनेही री ओढली, "उजळच घे गं. फोटो चांगले येतील."

भाची सावळी आहे. तिने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी ओळखली, कारण एके काळी ती माझीच होती. "उद्या बघू," असे म्हणून मी दोघींना बाहेर काढले, आणि तिघी रिकाम्या हातांनी घरी आलो.

त्या रात्री मी माझ्या लग्नाचा आल्बम काढला. 1981 सालचा. मीही सावळीच. लग्नाच्या सकाळी माझ्या एका मामींनी मोठ्या मायेने माझ्या चेहऱ्यावर स्नो थापला, आणि वर पांढऱ्या पावडरीचा थर दिला. फोटोत चेहरा राखेसारखा करडा. हिरव्या चुड्याचे हात मात्र माझे स्वतःचे! आल्बम आला तेव्हा सासरच्या मंडळींत मी हसले खरी. पण पुढे कितीतरी वर्षे कुणी तो मागितला की "माळ्यावर आहे" म्हणून वेळ मारून नेत असे.

भाची त्या फोटोकडे बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, हात किती छान दिसतायत गं तुझे!"

"दिसणारच," मी म्हटले. "त्यांना कुणी पावडर लावली नव्हती."

त्या एका वाक्यावर आमची पुढची सगळी खरेदी झाली. जे आपल्याला झाकते ते शोभत नाही. जे आपल्याला पुढे आणते ते शोभते. ऐकायला सोपे, पण दुकानात नेमके हेच विसरायला होते. म्हणून आम्ही जे केले ते क्रमाने सांगते.

आधी कपाट, मग दुकान

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलोच नाही. भाचीने आपल्या सगळ्या कपड्यांचे फोटो मोबाइलवर आणले होते, ते पाहत बसलो. मी एकच प्रश्न विचारला, "यातले विरलेले कोणते?" जे कपडे वापरून वापरून विरले, तेच तुम्हाला शोभतात आणि सोसतात. तिचे विरलेले सारे गडद निघाले: मोरपिशी, वांगी, विटकरी. आणि घडी न मोडलेले सारे फिकट! ते कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेले.

किमतीचाही हिशेब मी तिला माझ्या पद्धतीने शिकवला. 12,000 रुपयांची साडी दोनदाच नेसलात, तर एका नेसण्याला 6,000 पडले. 1,800 रुपयांची सुती साडी साठ वेळा नेसलात, तर 30 पडले. लग्नाचा शालू या हिशेबात बसत नाही, हे मला कबूल आहे. त्याची किंमत आठवणीत वसूल होते. पण त्याच्या आगेमागे 'असू द्या' म्हणून घेतलेल्या चार साड्यांना हा हिशेब जरूर लावावा.

रंग उजेडात पाहावा

दुकानातले दिवे कधी पिवळे, कधी निळसर पांढरे. दिव्याखाली जुळलेले साडी आणि ब्लाउजपीस उन्हात वेगळे पडतात, कारण दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेले असतात आणि प्रत्येक प्रकाशात ते सारखेच वागतील असे नाही. म्हणून साडी दाराशी नेऊन पाहावी. चांगला दुकानदार याचा राग मानीत नाही.

पदर खांद्यावर टाकला की साडीकडे नव्हे, चेहऱ्याकडे पाहावे. बरोबरच्या बाईने डोळे मिटावेत आणि उघडताच पहिली नजर कुठे गेली ते सांगावे. चेहऱ्याकडे गेली तर साडी घ्यावी. साडीकडेच गेली तर घडी करून परत द्यावी. बांध्याचेही तसेच. रुंद काठ उंच बाईला खुलवतो, बुटकीला आणखी बुटकी करतो. टिश्यूसारखे कडक कापड अंगापासून फुगून राहते, क्रेप अंगाला धरून पडते. आणि बाही दंडाच्या सर्वांत रुंद भागावर संपली, तर दंड अधिकच रुंद दिसतो. ती बोटभर खाली घ्यायला शिंप्याला सांगावे.

फाउंडेशन मनगटावर पाहू नये, कारण मनगटाचा रंग चेहऱ्याचा नसतो. ते जबड्याच्या कडेला लावावे, म्हणजे गाल आणि गळा दोन्हींशी ताडता येते. लावून अर्धा तास थांबावे, कारण कित्येकदा ते वाळताना गडद होते. मग उजेडात पाहावे. जी छटा दिसेनाशी होते ती आपली! एक फोटो फ्लॅश लावूनही काढावा. झिंक किंवा टायटॅनियमची पांढरी भुकटी असलेली प्रसाधने आरशात ठीक दिसतात, पण फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक करतात.

उजळपणाचा हा हट्ट आपला आजचा नव्हे. 'फेअर अँड लव्हली' 1975 साली बाजारात आली, आणि 2020 साली तिच्या नावातला 'फेअर' गेला. डबीवरून शब्द पुसायला पंचेचाळीस वर्षे लागली. आपल्या मनातून पुसायला किती लागतील, ते आपल्याच हाती आहे.

डबीमागचे बारीक अक्षर

आमच्या शेजारच्या एका मुलीला कुणीतरी 'आठ दिवसांत उजळ' करणारे क्रीम दिले होते. डबीवर ना कारखान्याचे नाव, ना तारीख. पहिले काही आठवडे चेहरा चकाकला. क्रीम थांबवताच तो लाल झाला, आग होऊ लागली, उन्हात जाणे नको झाले. क्रीममध्ये स्टिरॉइड असावे, असे त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले. अशी मलमे 2018 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. पण बिननावाच्या डबीला कायदा कोण विचारतो? त्या मुलीला सावरायला कित्येक महिने लागले.

म्हणून डबी उलटी करून वाचावी. उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, तारखा. यांतले काही नसेल तर वस्तू कितीही स्वस्त असो, खाली ठेवावी. उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यावर 6 किंवा 12 असा आकडा असतो. उघडल्यावर तितकेच महिने ती वापरायची. मस्करा तर तीन महिन्यांतच टाकावा. डोळ्यांशी काटकसर नको.

नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. आपल्या रोजच्या टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनानेही काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. तो दिसू लागताच ती टिकली बंद करावी. आणि लग्नघरात झटपट काळीभोर रंगणारी मेंदी मुळीच आणू नये. तिच्यात बहुधा केसांच्या कलपातले रसायन असते, आणि त्याने हातावर फोड येऊ शकतात. खऱ्या मेंदीचा रंग तांबूसच असतो.

शालू घेताना

आता रेशमाविषयी. 2004 सालापासून शुद्ध रेशमावर 'सिल्क मार्क'ची चिठ्ठी मिळते. ती मागून घ्यावी. शंका असेल तर पदराचा एक सुटा धागा जाळून पाहावा. रेशीम केस जळल्यासारखे वासते आणि राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते.

आणि पावती! "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी पाहून गप्प बसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, सदोष माल पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घेण्याचे नाकारणे ही अनुचित प्रथा ठरवली आहे. मात्र घरी आल्यावर रंग आवडला नाही, याला दोष म्हणत नाहीत. तेवढ्यासाठीच तर दाराशी जायचे!

लग्नात भाचीने वांगी रंगाचा शालू नेसला. चेहऱ्यावर तिच्याच रंगाचे हलके फाउंडेशन, डोळ्यांत काजळ, ओठांवर विटकरी लिपस्टिक. फोटो आले तेव्हा चेहरा, गळा आणि चुड्याचे हात, तिन्हींचा रंग एक होता. माझी बहीण कितीतरी वेळ ते फोटो पाहत होती. शेवटी म्हणाली, "ताई, मी उगीच उजळ घे म्हणत होते गं."

मी काही बोलले नाही. माझ्या धाकट्या बहिणीला तेवढे म्हणायला किती जड गेले असेल, हे मला ठाऊक होते.

माझा 1981 सालचा आल्बम आता माळ्यावर नसतो. तो पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या आरशाखाली ठेवला आहे. कुणाची लेक खरेदीला निघाली की मी तिला आधी तो दाखवते, मग आरसा, आणि मग पिशवी हाती देते.