मुलींनो, मनगट सोडवायला शिका!

आठवीनंतर पुष्कळ मुलींना शेजारच्या गावी शाळेला जावे लागते. वाटेवर दोन्ही अंगांना ऊस उभा असतो. एस.टी. चुकली की घरी यायला दिवेलागण होते. अशा वाटेवर कोणी छेड काढली, की घरात पहिला विचार येतो तो पोरीची शाळा बंद करण्याचा. चूक दुसऱ्याची आणि दंड पोरीला! त्यापेक्षा तिला स्वतःचा बचाव शिकवलेला काय वाईट?

ही विद्या पुस्तकातून येत नाही. दहा-वीस जणींनी शाळेच्या मैदानावर जमावे आणि जाणत्या शिक्षकासमोर जोड्या लावाव्यात. एकीने धरायचे, दुसरीने सुटायचे. मग पाळी बदलायची. प्रत्येकीची पकड निराळी, म्हणून जोडीदारीणही बदलत राहावी.

पहिला धडा ओरडण्याचा. 'सोड!' हा शब्द पोटातून आला पाहिजे. एकटीला लाज वाटते. दहाजणींत ती मोडते.

दुसरा धडा मनगटाचा. पकडीत चार बोटे एकीकडे आणि अंगठा एकटाच दुसरीकडे असतो. तीच पकडीची कच्ची जागा. मनगटाची अरुंद कड अंगठा आणि बोटांच्या फटीकडे वळवा, कोपर वाकवा आणि अंगाचा भार देऊन अंगठ्याच्या बाजूने झटका द्या. नुसते मागे ओढल्याने हात सुटत नाही.

मागून मिठी मारली तर टाचेने त्याच्या पावलावर जोरात मारा आणि कोपर बरगडीत हाणा. समोरून आला तर तळहाताचा टाचेकडचा भाग नाकावर. मूठ मारताना आपलीच बोटे दुखावण्याचा धोका असतो. सरावात मात्र हे सारे सावकाश, जोडीदारणीला न लागेल असे करावे.

सुटलात की थांबू नका. माणसे दिसतील तिकडे पळा आणि ११२ क्रमांकावर फोन करा. आपल्याला कुस्ती जिंकायची नाही, घरी सुखरूप पोचायचे आहे. कोणी सुरा दाखवून डोरले मागितले तर देऊन टाका. सोने पुन्हा करता येते.

"उलटून मारले तर आपल्यावरच केस होईल," अशी भीती काहींना वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४व्या कलमात स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केलेला आहे. मात्र मार बचावापुरताच हवा. पळणाऱ्याला गाठून मारणे त्यात बसत नाही.

सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. आपल्या शाळेत ते कधी होणार, हे पालकांनी मुख्याध्यापकांना जरूर विचारावे. शिकून झाल्यावर आठवड्यातून एकदा तरी सराव ठेवावा. न वापरलेली विळी गंजते, तसेच हेही.

आणि आयांनो, अंगणात लेकीची जोडीदारीण तुम्हीच व्हा. घरातल्या मुलालाही जवळ बसवा. बहिणीला जे शिकावे लागते ते का शिकावे लागते, हे त्याला कळले, की निम्मे काम झाले.