झोळीवर उभे राहिलेले महाविद्यालय

कॅथलिक संस्थांच्या भव्य इमारती पाहून पुष्कळांचा असा समज होतो की, या संस्थांच्या पाठीशी कोठे तरी कधीही न आटणारी तिजोरी असावी. वस्तुस्थिती फार निराळी आहे. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही गेल्या काही वर्षांत एकामागून एक कॅथलिक विद्यालयांची दारे मिटली. इंडियाना राज्यातील सेंट जोसेफ कॉलेजने २०१७ साली अध्यापन थांबविले. डेट्रॉइटचे मेरीग्रोव्ह कॉलेज २०१९ साली, ओकलंडचे होली नेम्स विद्यापीठ २०२३ साली आणि पेनसिल्व्हेनियातील कॅब्रिनी विद्यापीठ २०२४ साली बंद झाले. याच काळात कॅलिफोर्नियातील एक चिमुकले कॅथलिक महाविद्यालय लोकांच्या देणग्यांवर नुसते तगले नाही, तर वाढले. ते कसे, हे आमच्या वाचकांपुढे मांडावे असे आम्हांस वाटते. कारण शाळेसाठी वा देवळासाठी झोळी फिरविण्याचा प्रसंग आपल्या धर्मग्रामांतही वारंवार येतो.

प्रथम बंद पडलेल्या संस्थांचे दुखणे समजून घेतले पाहिजे. कारणे अनेक आहेत: विद्यार्थी घटले, खर्च वाढला, कर्ज झाले. परंतु त्यांच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. या संस्थांचे खरे भांडवल पूर्वी बँकेत नव्हते. ते मठात होते. धर्मभगिनी, संन्यस्त बंधू आणि धर्मगुरू वर्गात शिकवीत, ग्रंथालय सांभाळीत, हिशेब ठेवीत, आणि त्यांचे वेतन बहुतांशी संस्थेच्याच कामी येई. अमेरिकन लोक याला ‘जिवंत ठेव’ म्हणत. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर कसे राबले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांस ही कल्पना परकी वाटणार नाही. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत सुमारे १ लाख ८० हजार धर्मभगिनी होत्या. आज त्यांची संख्या त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी आहे. ती जिवंत ठेव आटली. तिची जागा भरून काढण्यास पैसा हवा होता, आणि पैसा मागण्याची सवय पुष्कळांना नव्हती.

ज्या महाविद्यालयाची हकीकत आम्ही सांगत आहोत, त्याला मात्र ही ठेव कधी लाभलीच नाही. थॉमस अक्विनास कॉलेज हे कोणा संन्यस्त संघाने स्थापिलेले नाही. काही प्रापंचिक कॅथलिक अध्यापकांनी १९६९ साली एक लेखी प्रस्ताव प्रसिद्ध केला. कॅथलिक शिक्षणातून श्रद्धा आणि बुद्धी यांची फारकत होत चालली आहे. विद्यार्थ्याने थोरामोठ्यांचे मूळ ग्रंथच वाचावेत आणि सत्याचा शोध घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९७१ साली लॉस एंजेलिसजवळ, भाड्याच्या जागेत, ३३ विद्यार्थ्यांनिशी महाविद्यालय सुरू झाले. डॉ. रोनाल्ड मॅकआर्थर हे पहिले अध्यक्ष झाले. शिक्षक घरसंसाराचे होते. त्यांना मुलेबाळे होती, त्यांना पगार हवा होता. म्हणून पहिल्या दिवसापासूनच संस्थापकांना लोकांच्या दारी जावे लागले.

तेथील शिक्षणपद्धती अशी आहे की, ती स्वस्त करताच येत नाही. येथे ऐच्छिक विषय नाहीत. चारही वर्षे सर्वांना एकच अभ्यासक्रम असतो. युक्लिडपासून न्यूटनपर्यंतचे गणित व विज्ञान, प्लेटो, अॅरिस्टॉटल, संत ऑगस्टीन, संत थॉमस अक्विनास या सर्वांचा अभ्यास पाठ्यपुस्तकांतून नव्हे, तर मूळ ग्रंथांतून होतो. व्याख्यानांची नित्याची पद्धत नाही. मोजके विद्यार्थी एका मेजाभोवती बसून शिक्षकासमवेत चर्चा करतात. एका सभागृहात तीनशे मुले बसवून एका प्राध्यापकावर खर्च भागवावा, ही सोय येथे नाही. तेव्हा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून सारा खर्च निघणे अशक्यच.

याउपर संस्थेने स्वतःवर आणखी एक बंधन घालून घेतले आहे. पात्र विद्यार्थ्यास केवळ पैशाअभावी परत पाठवावयाचे नाही, हे ते बंधन. आईबापांनी ऐपतीप्रमाणे द्यावे. विद्यार्थ्याने मर्यादित कर्ज घ्यावे. गरज असल्यास आठवड्यास १३ तास स्वयंपाकघरात, ग्रंथालयात वा बागेत काम करावे. आणि मग जी तूट राहील ती महाविद्यालयाने भरावी. ही तूट दरवर्षी नव्याने येते आणि दरवर्षी नव्याने देणगीदारांकडून भरून घ्यावी लागते. लक्षात घ्या, इमारतीचा निधी एकदा जमला की संपतो. वचनाचा निधी कधीच संपत नाही.

या संस्थेने आपली कामे कोणत्या क्रमाने केली, ते पाहण्यासारखे आहे. १९७८ साली ती सांता पॉला गावाजवळील डोंगरखोऱ्यात आपल्या हक्काच्या जागेवर आली. आरंभी वर्ग तात्पुरत्या खोल्यांत भरत. त्यानंतर जसजसा पैसा हाती आला, तसतशा एकेक पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. १९८२ साली पदवीदान समारंभास कलकत्त्याच्या मदर तेरेसा आल्या होत्या. दानावर जगणे म्हणजे काय, हे त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? त्या आल्या तेव्हा तेथे साजेसे प्रार्थनामंदिरही नव्हते. पुढेही पाव शतकाहून अधिक काळ मिस्सा कामचलाऊ जागेतच होत राहिली.

१९९१ साली डॉ. थॉमस डिलन अध्यक्ष झाले. प्रार्थनामंदिर हे महाविद्यालयाच्या आवारातील मुकुट ठरावे, अशी त्यांची दृष्टी होती. वास्तुविशारद डंकन स्ट्रॉइक यांनी आराखडा केला: उंच घंटाघर, घुमट, दोन्ही अंगांस स्तंभांच्या रांगा. खर्च झाला २ कोटी ३० लाख डॉलर. काही शेकडा विद्यार्थ्यांच्या संस्थेने एवढी रक्कम मागावी, हे धाडसच होते. मोठ्या धर्मादाय निधींनी हात दिला आणि सामान्य कुटुंबांनीही दिला. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी कोनशिलेस आशीर्वाद दिला. ७ मार्च २००९ रोजी लॉस एंजेलिसचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल रॉजर महोनी यांच्या हस्ते ‘परमपवित्र त्रैक्याची माता’ या नावाच्या मंदिराचे समर्पण झाले. जुन्या पंचांगाप्रमाणे ७ मार्च हा संत थॉमस अक्विनासचा सण होय.

त्यानंतर अवघ्या ३९ दिवसांनी, १५ एप्रिल रोजी, डॉ. डिलन यांचे आयर्लंडमध्ये मोटार अपघातात निधन झाले. ज्या मंदिरासाठी ते वर्षानुवर्षे दारोदार हिंडले, तेथे त्यांना जेमतेम साडेपाच आठवडे गुडघे टेकता आले. निधी गोळा करणाऱ्यांच्या वाट्यास पुष्कळदा हेच येते. झाड लावणारा एक, सावलीत बसणारा दुसरा. परंतु त्यांच्या जाण्याने संस्था खचली नाही. कारण लोकांनी दान दिले होते ते एका व्यक्तीस नव्हे, एका कार्यास.

पुढील कसोटी वेगळ्याच स्वरूपाची होती. प्रवेशासाठी रांग लागू लागली. वर्ग मोठे केले असते तर शुल्क वाढून मिळाले असते. पण मग मेजाभोवतीची चर्चा राहिली नसती. अशा वेळी देशाच्या दुसऱ्या टोकास, मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थफील्ड येथे, एक जुने विद्यालय-आवार रिकामे पडले होते. प्रोटेस्टंट प्रवचनकार ड्वाइट मूडी यांनी १८७९ साली मुलींसाठी तेथे शाळा काढली होती. २००९ साली एका धनिक ख्रिस्ती कुटुंबाने ते आवार विकत घेऊन एखाद्या ख्रिस्ती विद्यालयास फुकट देण्याचे ठरविले. एका संस्थेस आवश्यक निधी वेळेत जमविता आला नाही. दुसरी खर्चाचा अंदाज पाहून मागे फिरली. फुकट मिळालेली वास्तूही पेलावी लागते, हे यावरून कळते. अखेर २०१७ साली ते आवार थॉमस अक्विनास कॉलेजला देणगी म्हणून मिळाले, आणि २०१९ साली तेथे वर्ग सुरू झाले. प्रोटेस्टंटांनी उभारलेली वास्तू प्रोटेस्टंटांच्याच औदार्याने कॅथलिकांच्या हाती यावी, यातील सौजन्य विसरण्याजोगे नाही.

त्याच २०१७ सालच्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात प्रचंड वणवा पेटला. तो या महाविद्यालयाजवळच सुरू झाल्यामुळे त्याला ‘थॉमस फायर’ हेच नाव पडले. २ लाख ८१ हजार एकरांहून अधिक प्रदेश जळला, हजारावर इमारती भस्म झाल्या. विद्यार्थ्यांना वेळीच हलविण्यात आले. मंदिर व आवार बचावले. तीस-चाळीस वर्षांच्या दानातून उभे केलेले सारे एका रात्रीत जाऊ शकते, याची ही जाणीव होती.

यातून आपण काय घ्यावे? कोटींचे आकडे पाहून दिपून जाऊ नये, आणि ‘ती अमेरिका, आपण आपण’ असे म्हणून सुटूही नये. आमच्या मते शिकण्याजोगी गोष्ट त्या क्रमात आहे. या लोकांनी आधी कार्य सुरू केले, गरीब विद्यार्थ्यास दिलेला शब्द वर्षानुवर्षे पाळला, आणि मग घुमटासाठी हात पुढे केला. आपल्याकडे पुष्कळदा पावतीपुस्तके आधी छापली जातात आणि कार्याचा विचार मागून होतो. मग लोक देत नाहीत, आणि आपण लोकांना कंजूष म्हणतो. पै-पैशाचा हिशेब चोख असेल, वचन स्पष्ट असेल आणि मागणारा स्वतः झिजत असेल, तर मागण्यात कमीपणा कसला?

देणाऱ्यांनाही आम्ही एवढेच सुचवू. पुढल्या खेपेस कोणी शाळेसाठी झोळी घेऊन दारी आला, तर ‘इमारत केवढी होणार?’ असे विचारण्याआधी ‘फी न भरू शकणाऱ्या मुलाचे काय करणार?’ असे विचारावे. उत्तर समाधानकारक मिळाले, तर ऐपतीप्रमाणे द्यावे. आणि पुढल्या वर्षी तो पुन्हा आला, तर त्याचा कंटाळा करू नये.