अनोळखी माणसाची एक ओळ

19 एप्रिल 2021 रोजी इंजेन्युइटी हे दोन किलोंहूनही हलकं हेलिकॉप्टर मंगळावर तीन मीटर उंच उठलं आणि 39 सेकंदांनी खाली उतरलं. त्याच्या संगणकावर लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम चालत होती. त्या उड्डाणाला लागलेल्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कुणाकुणाचा हात आहे हे गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळानं नासाच्या मदतीनं शोधलं, तेव्हा जवळजवळ 12,000 माणसं निघाली. त्यांतल्या बहुतेकांना आपला हातभार मंगळावर पोचल्याचा पत्ताच नव्हता!

या मेळ्यात शिरायची वाट कुणालाही मोकळी आहे, हे मला त्या उड्डाणाइतकंच अद्भुत वाटतं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनस टोरवाल्ड्सनं 1991 मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतला. आज त्याचा सगळा सोर्स कोड कुणीही घरच्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ शकतो. त्यात ड्रायव्हर्समध्ये ‘स्टेजिंग’ नावाचा फोल्डर आहे. अजून नीट न आवरलेला कोड तिथे ठेवतात. नवख्यानं हात घालावा तो इथेच. ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट चालवली की ती बारीकसारीक उणिवा दाखवते. त्यांतली एकच उचलायची, दुरुस्त करायची, कोड कंपाइल होतो ना ते पाहायचं आणि हा बदल का केला ते कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, लिहायचं. फाइलचे मेंटेनर, म्हणजे ती सांभाळणारे, कोण, तेही एक स्क्रिप्टच सांगते. हा बदल, म्हणजे पॅच, त्यांना साध्या ईमेलनं जातो. त्यात ‘साइन्ड-ऑफ-बाय’पुढे तुमचं नाव असतं. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी ती लेखी हमी. पदवी कुणी विचारत नाही.

उत्तर बहुधा ‘हे बदला’ असंच येतं. नवे लोक इथे खचतात, पण खचण्यासारखं त्यात काही नाही. जाणकार माणूस तुमच्या चार ओळी मन लावून वाचतो आहे, असं शिक्षण फी भरूनही सहसा मिळत नाही. दुसरी आवृत्ती पाठवायची, लागली तर तिसरी. काहीच उत्तर नाही आलं, तर एक-दोन आठवडे थांबून नम्रपणे आठवण द्यायची.

स्वीकारलेला पॅच आधी ‘लिनक्स-नेक्स्ट’मध्ये इतरांच्या बदलांबरोबर तपासला जातो. मग दोन आठवड्यांची ‘मर्ज विंडो’ उघडली की तो टोरवाल्ड्सच्या मुख्य शाखेत जातो.

आणि मग खरी गंमत. कर्नलमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं गिट प्रत्येक कमिटला 40 अक्षरांचा ओळखक्रमांक देतं. तो काढताना त्या कमिटमधला मजकूर आणि लेखकाचं नाव तर धरलं जातंच, शिवाय आधीच्या कमिटचा क्रमांकही धरला जातो. म्हणजे तुमच्या दुरुस्तीवर पुढे जे जे रचलं जाईल, अगदी टोरवाल्ड्सच्या कमिटसुद्धा, त्या प्रत्येकाच्या क्रमांकात तुमची ती एक ओळ मिसळलेली असते. तुमच्या नावातली एक वेलांटी जरी बदलली, तरी तिथून पुढचे सगळे क्रमांक बदलतील.